कोपऱ्यावरचं घर

मांडीवर आईच्या गोळ्यांच्या पाच वापरलेल्या पट्ट्या पसरून ती बसली होती. प्रत्येकीत रविवारची गोळी जशीच्या तशी होती.

पट्ट्यांवरचं चित्र तिच्याच हातचं. औषधांच्या कारखान्यात ती वेष्टनांची चित्रं काढायची. या पट्टीच्या चंदेरी कागदावर तिने निळी संध्याकाळ उतरवली होती. एक गल्ली, सोमवार ते रविवार अशी सात घरं, प्रत्येक घराला एक पिवळी खिडकी. गोळी दाबून काढली की खिडकी फाटायची आणि त्या घरातला दिवा विझायचा. आज घेतली की नाही, हे एका नजरेत कळावं, एवढाच हेतू. गोळीला काय लग्नाला पाठवायचंय, असं मॅनेजर म्हणाले होते. पण चित्र बघता बघता त्यांचाही चहा निवला होता.

आणि आता दिव्याखालीच अंधार. दर सोमवारी आईच्या हृदयाचे ठोके चुकत होते. पुन्हा असं झालं तर दवाखान्यात ठेवून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई विसरायला लागली, असं ती धरून चालली होती. पण विसरणारं माणूस इतक्या नेमाने विसरत नाही.

आई उन्हात शेंगा सोलत बसली होती. तिने विचारलं तेव्हा आई आधी म्हणाली, ती गोळी कडू लागते. मग म्हणाली, रविवारी औषधालाही सुट्टी. शेवटी पट्टी हातात घेऊन आईने शेवटच्या घरावरून अंगठा फिरवला.

"कोपऱ्यावरचं हे आपलं जुनं घर ना गं? पायरीसुद्धा तशीच कलती काढलीस."

मुलीने पट्टी उन्हात धरून पाहिली. ते घर तिने ठरवून काढलं नव्हतं. हात आपोआप तिकडे वळला होता.

"सगळी गल्ली झोपली तरी आपला दिवा असायचा," आई म्हणाली. "तुझे बाबा दुसरी पाळी करून यायचे. तो मी माझ्या हाताने कसा विझवू?"

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिने चित्र पुन्हा काढायला घेतलं. रविवारला नवं घर दिलं. कोपऱ्यावरचं घर उचलून पट्टीच्या कडेला नेलं, जिथे गोळी बसत नाही. मॅनेजरांनी विचारलं, मागे गोळी नाही तर ही आठवी खिडकी कशाला? ती म्हणाली, असू दे, गल्लीला शोभा येते.

नवी पट्टी छापून येईपर्यंत रविवारी ती आईला पट्टीबाहेरची सुटी गोळी द्यायची. मग नव्या पट्टीचा पहिला रविवार आला. आईने सातवी गोळी काढून तळहातावर ठेवली. कडेच्या पिवळ्या खिडकीवर अंगठा दाबला, जोर लावून पुन्हा दाबला. ती फाटत नाही अशी खात्री झाल्यावरच तिने गोळी तोंडात टाकली.