तीनदा सांगितलेला धडा

देवापुढच्या पुस्तकांत तुळसीची वही नव्हती, हे अजून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. विजयादशमीची सकाळ होती. तंजावर सोडून मद्रासला येऊन या घराला तीस वर्षं झाली, पण रिवाज तोच. नवमीला ज्याचं त्याचं पुस्तक सरस्वतीपुढे ठेवायचं, दिवसभर काही वाचायचं नाही, आणि दशमीला आपापलं उचलून दोन ओळी मोठ्यानं वाचायच्या. ज्यानं शिकणं सोडलं, त्यानं ठेवू नये.

तुळसीनं सोडायचं ठरवलं होतं. मास्तरीण होण्याच्या ट्रेनिंगमधला तिचा सरावाचा पाठ गेल्या आठवड्यात झाला, पहिलीच्या वर्गावर. मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षक बाईंनी वहीत लाल शाईनं शेरा मारला, 'प्रत्येक वाक्य तीनदा सांगता. मुलं कंटाळतात. असं शिकवून कोण शिकणार?' ती वही तिनं ट्रंकेच्या तळाशी घातली. आज वडिलांना सांगून टाकायचं, उद्यापासून जाणार नाही.

खरं तर ही खोड लागली घरातच. रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती पाठाची तालीम करायची, आणि आत अलमेलूआत्याचा पीठ वाटायचा रगडा घरघरत असायचा. ऐकू आलं नाही ग, परत सांग, असं आत्या मध्येच म्हणायची. परत सांगितलं की आणखी एकदा. तुळसी मनात चरफडायची. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पहिलीच्या तमिळ धड्याशी काय कर्तव्य? आत्याचं लग्न नवव्या वर्षी झालेलं, शाळा कशी ती तिनं पाहिली नव्हती. देवापुढे ती दरवर्षी आपली विळी ठेवायची. हल्ली तिच्याविरुद्ध घराची एकच तक्रार होती, दारातल्या कोलमचं, म्हणजे तांदळाच्या रांगोळीचं, महिन्याचं पीठ ती आठ दिवसांत उडवते.

वडिलांनी, अप्पाजींनी, फुलं बाजूला सारली. पोथीतल्या दोन ओळी वाचल्या. मग तुळसीकडे पाहिलं.

"तुझी वही कुठं आहे?"

तिनं तोंड उघडलं, तोच आत्या पुढे सरकली. आधी माझं होऊ दे, म्हणाली. विळीखालचं तांबडं फडकं तिनं सोडलं. आत तुळसीचंच पहिलीचं जुनं पुस्तक होतं, रद्दीत गेलं असं सगळे समजून होते ते. आत्यानं ओळीवर बोट ठेवलं. बोटाला कोलमचं पीठ होतं. अक्षराला अक्षर जोडत तिनं बारावा धडा वाचला. दोन ओळी नव्हे, अख्खा. एकदा अडली, मागे गेली आणि पुन्हा पुढे निघाली.

अप्पाजींची पोथी मांडीवर तशीच उघडी राहिली. थोरल्या बहिणीला वाचताना त्यांनी जन्मात प्रथमच ऐकलं होतं. मग आत्यानं सांगितलं, संध्याकाळी ऐकलेलं ती पहाटे या पुस्तकात बघून दारात पिठानं गिरवायची, आणि पुसून वरून कोलम काढायची.

तुळसीला रडू आलं, हसूही आलं. इतका आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता. शिकवणं म्हणजे काय, हे शिकायचं आपलं अजून सगळंच राहिलंय, असं तिला वाटलं, आणि ते राहिलंय याचंच बरं वाटलं. तिनं ट्रंकेतून वही काढली, देवापुढे ठेवली, तिला कुंकू लावलं.

आत्यानं तोवर पुस्तकाचं पान उलटलं होतं.

"आता तेरावा घे," ती म्हणाली. "रगडा आज बंद आहे. पण तू तीनदाच सांग."