चौकातले जोडे

"लढाईवरून लिहिलेली माझी सगळी पत्रं तुझ्या आजीनं जाळली," आजोबा नातीनं रेकॉर्डिंगसाठी धरलेल्या मोबाइलकडं बघत म्हणाले. "शहाणपणाच केला. मी यादवीत हरलेल्या फौजेतला. यांगत्सेकाठच्या छावणीतलं एक पत्र जरी दंडाला लाल पट्टे बांधून क्रांतीच्या नावानं हिंडणाऱ्या पोरांना घरझडतीत सापडलं असतं, तर मी जिवानिशी गेलो असतो. काही सापडलं नाही, तरी गळ्यात 'गद्दार' अशी पाटी अडकवून मला भर पावसात चौकात उभं केलंच. आणि ही? समोर गर्दीत खाली मान घालून उभी! नवऱ्याची लाज वाटली हिला!"

साठ वर्षं हा टोमणा गिळणारी आजी आज उठली. पेटीतून तिनं एक झिजलेला कापडी जोडा काढला. चिंध्या आणि कागद थरावर थर चिकटवून तिच्या गावच्या बायका जोड्यांचे तळ शिवत. तिनं कात्रीनं तळाचे टाके उसवले. आतून पिवळा कागद निघाला. आजोबांनी आपलं अक्षर ओळखलं.

"जाळवेना मला," आजी म्हणाली. "त्या दिवशी हेच जोडे तुमच्या पायांत होते. पावसानं तळ सुटत चालले होते. तुमच्या तोंडाकडं कशी बघणार होते मी?"