दोघांची सही

"ते शेवटचं कलम परत वाचा, वकीलसाहेब. मोठ्यानं," हन्नाबाई म्हणाल्या.

रोह्याच्या घरात सगळे जमले होते. जवळच्या वरसे गावातली नारळाची वाडी आणि शेत हन्नाबाईंच्या नवऱ्यानं मरण्याआधी ट्रस्टमध्ये घातलं होतं. वकील दिनानाथांनी कागद डोळ्यांजवळ धरला.

"पुढं कारभार दोघा मुलांपैकी कोणी पाहावा, हे हन्नाबाईंनी ठरवावं. ते ठरवण्याआधी त्यांचं भान गेलं, तर निसीम आणि तामार यांनी मिळून कारभार पाहावा. दोघांच्या सहीशिवाय काहीही करता येणार नाही."

"म्हणून तर डॉक्टर आणलेत," निसीम म्हणाला. तो सकाळीच पेणहून आला होता. "तुझं डोकं शाबूत हाय असं ते लिहून देतील. मग तू नाव सांग. पण हिचं सांगितलंस, तर मी या घराची पायरी चढणार नाय."

"त्याचं सांगितलंस, तर मीही परत यायची नाही," तामार म्हणाली. इस्राएलहून ती अकरा वर्षांनी आली होती. "शनिवारी रात्री माझं विमान आहे, आई. आजच काय ते सांग."

भाऊबहीण बोलत होते ते आईकडे बघून. एकमेकांकडे नाही.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आजी, आज वार कोणता?"

गुरुवार होता. उद्या, शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथचा म्हणजे ज्यूंच्या विश्रांतिवाराचा दिवा लावायचा, त्याचं तेल हन्नाबाईंनी सकाळीच काढून ठेवलं होतं.

"मंगळवार," त्या म्हणाल्या.

निसीमनं चमकून वर पाहिलं.

"बरं. या कोण?"

तामार पुढे सरकली. कानांवरचे केस पांढरे झाले होते तिचे. फोनमध्ये ते कधी दिसले नव्हते. हन्नाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. खूप वेळ.

"नाय ओळखत," त्या म्हणाल्या. "शेजारची असंल कोण."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "म्हणजे आता दोघांची सही," म्हणत वकिलांनी फाईल मिटली.

"कधीपासून होतंय हिला असं?" तामारनं विचारलं. पहिल्यांदाच तिनं भावाकडे पाहिलं होतं.

"मला नाय माहीत गो," निसीम खाली मान घालून म्हणाला. "मीपण पावसाच्या आधी येऊन गेलेलो."

डॉक्टर आणि वकील गेले. त्यांना सोडायला निसीम दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. तामार खाली फरशीवर बसली. आईच्या मांडीवर तिनं डोकं टेकलं.

"आई, मी आहे गो. तामार."

हन्नाबाईंचा हात आपसूक उचलला गेला. पांढऱ्या केसांच्या अगदी वर येऊन थांबला. परक्या बाईच्या केसांतून कोणी हात फिरवत नाही. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

"कुणाची गो तू?" त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी कानात प्राण आणून बसून राहिल्या.