हातावरचं दही

हेरंब मुलाखतीला निघाला, तशी त्याच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. शकुनापुरतं म्हणून सकाळीच शेजारून मागून आणलेलं. त्यानेही लहानपणापासूनच्या सवयीने ते चाटून टाकलं, आणि मग दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

आतड्याच्या दाहाने हेरंब वर्षानुवर्षं गडाबडा लोळायचा. जिवाणूंची चाहूल लागताच शरीराला खडबडून जागं करणारे त्याच्या आतड्यातले रिसेप्टर डॉक्टरांनी गेल्या वर्षी कायमचे बंद केले, तेव्हा कुठे दुखणं थांबलं. पण त्यांनी बजावलं होतं, "जिवंत जिवाणू असलेलं काहीही पोटात जाऊ देऊ नका. दह्याचा थेंबसुद्धा नको. ते आत कितीही माजले, तरी आता ना ताप येईल, ना कळ."

हॉस्पिटलकडे धावणाऱ्या रिक्षात कुमुदिनीबाई सारखा त्याच्या कपाळाला हात लावत होत्या. कपाळ गार होतं.

"दुखतंय का रे कुठे?"

"नाही गं आई. अजिबात नाही."

हेच उत्तर ऐकायला मिळावं म्हणून त्यांनी कधीकाळी देव पाण्यात घातले होते. आता त्याच देवांना त्या विनवत होत्या, एकदा तरी त्याला कळ येऊ दे.