गप्पा, चार मिनिटं

बाळ झाल्यावर कारखान्यातली नोकरी सुटली, म्हणून मी घरूनच कॉस्टिंगचा, म्हणजे मालाचा उत्पादनखर्च काढायचा, कोर्स सुरू केला. कामगाराचा किती वेळ कोणत्या कामात गेला, ते टाइम कार्डवर मांडायचा गृहपाठ होता. मी माझाच दिवस मांडला.

संध्याकाळी नवऱ्याने कार्ड वाचलं. “दूध पाजणं, तीन तास. बाळाचा श्वास चालू आहे ना ते बघणं, चाळीस मिनिटं. आणि गप्पा, चार मिनिटं? घरात चिटपाखरू नसतं, मग गप्पा कोणाशी हाणल्यास गं?”

मी मोबाईलवर कोर्सचा रेकॉर्ड केलेला तास लावला. गणित सोडवून सरांनी विचारलं, “कळलं ना?”

 

नवरा शेजारी असूनही मी सवयीने बोलून गेले, “हो सर. बाळ पण आत्ताच झोपलंय.”