हवाचोर

नेरळच्या सोसायटीत मालोजीकाकांच्या नव्याकोऱ्या गाडीच्या टायरमधली हवा सारखी कमी व्हायची. पंक्चरवाल्याला भोक सापडेना, तेव्हा काकांचा संशय शेजारच्या अलीभाईंवर गेला. पार्किंगवरून दोघांचं वाजलेलंच होतं. ईदला आलेला शिरखुर्म्याचा डबासुद्धा काकांनी तसाच परत धाडला.

शेवटी त्यांनी गाडीवर कॅमेरा लावला आणि अलीभाईंसकट सगळ्यांना गोळा करून, स्वतः आधी न बघताच, मोबाईल पुढे धरला. भल्या सकाळी कुणीतरी कानटोपी घालून टायरपाशी उकिडवं बसलेलं दिसलं. फुस्स!

"सापडला चोर!" काका गरजले.

काकूंनी चष्मा पुसून नीट पाहिलं.



"अवो, लेंगा तुमचाच हाय! रोज उठून हवा मोजायला चारी टायरांना मीटर लावताय, मग हवा राहील कशी?"