गप्प गल्ली

इर्बिद शहरातल्या त्या गल्लीत अबू कायद गाडीवरून गॅसच्या टाक्या विकायचा. पण महिनाभर त्यानं गिऱ्हाइकांना बोलावणारं गाडीवरचं गाणं बंदच ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरची रझान तौजीहीला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसली होती, आणि त्यात मार्क पडले तरच कॉलेज. तिच्यापायी गल्लीतल्या टीव्हींनीसुद्धा तोंड मिटलं होतं.

"अरे मेल्या, गाणं कुठं गेलं तुझं?" उम्म सैफ रिकामी टाकी घरंगळवत आली. "गाडी आलेली कळत नाही. भात अर्धा कच्चा राहिला माझा!"

"हळू बोल, बाई. पोरगी अभ्यास करतेय."

तेवढ्यात वरची खिडकी उघडली. रझानचे डोळे रडून सुजले होते.

"काका, वाजवा ना ते गाणं. तुम्ही सगळे असे गप्प बसलात की वाटतं, मी नापास झाले तर अख्खी गल्ली नापास होईल. एक अक्षर डोक्यात शिरत नाही."

अबू कायदनं आवाज पार वर नेऊन गाणं लावलं. उम्म सैफनं जिन्यातल्या पोरांना उगाच दोन शिव्या हासडल्या, आणि मान वर करून ओरडली, "नापास झालीस तर पुढच्या साली परत बस गं! गोंगाट करायला आम्ही आहोतच इथं."